ताठ उभे राहण्याचा हक्क

कंबरदुखी हे म्हातारपणाचे दुखणे, अशी आपली समजूत असते. पण आमच्या वस्तीवर तिशीच्या आतल्या बायकाही कमरेवर हात ठेवून उठताना मी रोज पाहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. माणसाला कामातून उठवणारे हे जगातील सर्वांत मोठे कारण आहे. तरीही त्यावरचा आपला उपाय एकच, सुई घ्या आणि पुन्हा कामाला लागा!

माझ्या आईचेच उदाहरण देते. गेल्या वर्षी भांगलणीच्या दिवसांत तिच्या कमरेत उसण भरली आणि कळ डाव्या मांडीत उतरू लागली. गावच्या दवाखान्यात सुई झाली, गोळ्या झाल्या, पट्टा झाला. ‘मणक्यात गॅप आहे, आराम करा,’ असा सल्लाही मिळाला. रोजावर जाणाऱ्या बाईने आराम आणायचा कुठून? शेवटी मी तिला सरकारी रुग्णालयात नेले. तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी नीट तपासून तिला पालथे झोपायला सांगितले.

“बाई, पालथं पडून कुठं दुखणं जातं व्हय?” आई म्हणाली.

“मावशी, करून तर बघा.”

आधी कोपरांवर, मग तळहातांवर जोर देऊन छाती वर उचलायची आणि कंबर सैल सोडायची. एका वेळी दहादा, असे दिवसातून पाच-सहा वेळा. चार दिवसांत मांडीतली कळ वर कमरेकडे सरकली आणि तीन आठवड्यांत पुष्कळ उतार पडला.

यात चमत्कार काही नाही. न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे १९५६ साली रॉबिन मॅकेंझी या फिजिओथेरपिस्टचा एक रुग्ण, डोक्याकडची बाजू उचललेल्या खाटेवर नकळत पालथा झोपून राहिला. मॅकेंझी घाबरले, पण रुग्णाच्या पायातली कळ मात्र गेली होती! कोणत्या स्थितीत दुखणे पसरते आणि कोणत्या स्थितीत ते मागे सरते, हे पाहून उपचार ठरवण्याची त्यांची पद्धत त्यातून उभी राहिली. ती सर्वांना एकसारखी लागू पडते असे नाही. काहींना मागे वाकल्याने त्रास वाढतो, तर काहींना इतर व्यायामांनी तितकाच गुण येतो. पाय बधिर होत असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर तातडीने डॉक्टरच गाठला पाहिजे. म्हणून आधी तपासणी हवी. पण तपासणीनंतरचे औषध म्हणजे रुग्णाचे स्वतःचे शरीर, आणि त्याला पैसा पडत नाही. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मात्र खरा प्रश्न पुढेच आहे. कांदालावण सुरू झाली आणि आईची कंबर पुन्हा धरली. उपचार दहा मिनिटांचा आणि वाकणे आठ तासांचे! बाईंनी सांगितले होते, अर्ध्या-पाऊण तासाने उभे राहा, कमरेवर हात ठेवून चार-पाच वेळा मागे वाका. सुट्टीत मीही आईबरोबर रोजावर जाते. बायकांच्या ओळीत एकटी उभी राहिली की बांधावरून आवाज येतो, “काय गं, दमलीस का एवढ्यात?” मग कोण उभे राहणार?

कॅलिफोर्नियात लेट्यूस आणि बीटच्या शेतांत मजुरांना फूट-दीड फूट दांड्याचे खुरपे वापरावे लागे. लांब दांड्याने पीक खराब होईल, असे मालक म्हणत. पण त्या आखूड दांड्याचा आणखी एक फायदा होता. कोण ताठ उभा आहे, म्हणजे कोण काम करत नाही, हे मुकादमाला लांबूनच दिसे. पाठी कायमच्या निकामी होतात, अशा साक्षी डॉक्टरांनी दिल्या आणि १९७५ साली त्या खुरप्यावर बंदी आली. पिके काही बुडाली नाहीत.

आपल्याकडे सायकल कोळपे आहे. ते उभ्याने चालते. रोपाच्या बुंध्याशी खुरपेच लागते, हे मान्य. पण दोन ओळींमधले तण तरी वाकल्यावाचून निघेल. उरलेल्या कामात तासाला पाच मिनिटे पाठ सरळ करू दिली, तर मालकाचे काय बुडणार आहे?

म्हणून माझे म्हणणे असे : फिजिओथेरपी जिल्ह्याच्या गावी अडकून न राहता आरोग्य उपकेंद्रापर्यंत यावी. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी रस्ता करतो. यंदा एक दिवस फिजिओथेरपिस्टांना बोलवावे आणि बायकांबरोबर शेतमालकांनाही समोर बसवावे. कारण पाठ सरळ कशी करावी, हे आईला आता कळले आहे. ती सरळ करू द्यावी, एवढे बांधावरच्या माणसाला कळायचे राहिले आहे.