जुन्या शिकारी सुऱ्याचे वय कसे ओळखावे?



बैल घेताना आपण व्यापाऱ्याच्या बोलण्यावर भुलत नाही. जबडा उघडून दात पाहतो. दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला, हे आपल्या डोळ्यांनी ठरवतो आणि मगच रुमालाखाली हात घालतो. घरातल्या जुन्या वस्तूंच्या बाबतीत मात्र आपण एवढे सावध नसतो. दिवाळीपूर्वी माळा झाडताना आजोबा-पणजोबांचा गंजलेला सुरा हाती लागतो. मग एकतर तो भंगारवाल्याच्या तागडीत जातो, नाहीतर धारवाल्याच्या चाकावर. दोन्हीकडे नुकसान आपलेच.

आपल्याकडे असे सुरे आले कुठून? सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखले जाते. अशा अनेक गावांतली माणसे दोन्ही महायुद्धांत समुद्रापार गेली. काहींनी येताना सुरा आणला. काही सुरे संस्थानिकांच्या आणि साहेबांच्या शिकारीबरोबर हिंडणाऱ्यांना बक्षीस मिळाले, काही शहरातल्या दुकानांतून आले. पुष्कळ घरांत त्या माणसाचे पत्र नाही, फोटो नाही. सुरा तेवढा उरला आहे. त्यावरची चार अक्षरे हाच त्याच्या काळाचा लेखी पुरावा. ती कशी वाचायची, हे आज पाहू.

आधी जागा पाहा. शिकारी सुरा घडीचा नसतो, तो म्यानात राहतो. मुठीला लागून पात्याचा थोडा भाग बिनधारेचा असतो. बनवणाऱ्याचा छाप बहुधा तिथेच असतो. सुरा उन्हात तिरपा धरा. पुसट अक्षरे सावलीने उठून दिसतात. दिसतील तशी कागदावर उतरवून घ्या. इंग्रजी येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाला जवळ बसवा.

शेफील्डचा माल. इंग्लंडमधील शेफील्ड हे चाकू-सुऱ्यांचे जुने माहेरघर. तिथल्या जोसेफ रॉजर्स कंपनीची खूण म्हणजे एक तारा आणि शेजारी चार पाकळ्यांसारखा क्रूस. या कंपनीला १८२२ मध्ये राजघराण्याचा मान मिळाला. त्यामुळे तिच्या मालावर मुकुटाच्या बाजूला राजा-राणीची आद्याक्षरे कोरलेली आढळतात. 'व्ही. आर.' म्हणजे राणी व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. 'ई. आर.' म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. 'जी. आर.' असेल तर मात्र घाई करू नका. पाचवा जॉर्ज १९१० ते १९३६ गादीवर होता आणि सहावा जॉर्ज १९३६ ते १९५२. अक्षरे दोघांचीही तीच. शिवाय १८३० पूर्वीचा चौथा जॉर्जही आहेच. तेव्हा नुसत्या 'जी. आर.'वरून निकाल लागत नाही, दुसरा पुरावा लागतो.

शेफील्डचीच दुसरी नामांकित कंपनी वोस्टेनहोम. तिची खूण 'आय-एक्सएल'. इंग्रजीत झटकन उच्चारले तर 'मी सरस ठरतो' असा अर्थ निघतो. या कंपनीचे मोठे शिकारी सुरे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत भरपूर खपले.

देशाचे नाव. अमेरिकेने १८९० मध्ये जकातीचा कायदा केला. त्यामुळे १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या परदेशी मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले. तेव्हापासून 'शेफील्ड'च्या जोडीला 'इंग्लंड' हा शब्द सर्रास दिसू लागला. नुसते 'शेफील्ड' असेल तर माल त्याआधीचा असण्याचा संभव आहे, पण खात्री नाही. कारण इतर देशांत जाणाऱ्या मालाला ती सक्ती नव्हती.

जर्मनीत सोलिंगेन हे असेच सुऱ्यांचे शहर. तिथल्या सुऱ्यावर 'वेस्ट जर्मनी' किंवा 'डब्ल्यू. जर्मनी' असेल तर उत्तर सोपे आहे. पश्चिम जर्मनी हा देश १९४९ मध्ये झाला आणि १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या. म्हणजे असा सुरा पहिल्या महायुद्धातला म्हणून कोणी विकू लागला, तर हात जोडून त्याला वाटेला लावा.

पोलाद काय सांगते? न गंजणारे पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रियर्लीने १९१३ मध्ये तयार केले. घरोघरचे चाकू त्याचे होऊ लागले ते पहिल्या महायुद्धानंतर. तेव्हा पात्यावर 'स्टेनलेस' हा शब्द असेल, तर सुरा त्याआधीचा असूच शकत नाही. समजा, एका सुऱ्यावर 'व्ही. आर.' आहे आणि 'स्टेनलेस'ही आहे. राणी वारली १९०१ मध्ये, पोलाद आले १९१३ मध्ये. मग तो राणीच्या काळचा कसा? एकतर जुना मानाचा छाप पुढे चालू ठेवला असेल, नाहीतर कोणी नक्कल केली असेल.

इथे मुख्य नियम ध्यानात ठेवा. प्रत्येक खूण 'याच्या आधीचा नाही' एवढेच सांगते. सगळ्या खुणांत जी सर्वांत अलीकडची, तिच्यापासून वय मोजायचे. जोंधळ्याच्या पोत्यात तळाशी जुना दाणा असला, तरी वरचा दाणा यंदाचा असेल तर पोते यंदाच भरले, असे आपण म्हणतो. तसेच हे.

मूठ. सांबराच्या शिंगाची खडबडीत मूठ जुन्या सुऱ्यांना फार असे. आपल्या देशातून शिंगे शेफील्डला आणि अमेरिकेला जात आणि तिथे त्यांच्या मुठी होत. चामड्याच्या चकत्या एकावर एक दाबून केलेली मूठ ही मुख्यतः अमेरिकेतली विसाव्या शतकातली तऱ्हा. बेकेलाइटची काळी-तपकिरी मूठ असेल तर सुरा १९०७ नंतरचा, कारण बेकेलाइटचा शोधच त्या वर्षीचा. पण मूठ बदललेलीही असू शकते. कुऱ्हाडीला आपण किती दांडे बदलतो! मुठीचे रिबेट नवे दिसत असतील, मूठ आणि पाते यांत फट असेल, तर मुठीच्या साक्षीवर विसंबू नका.

अमेरिकेचा सुरा. तिकडे नोकरीला असलेल्या मुला-पुतण्यांनी आणलेले 'बक' कंपनीचे शिकारी सुरे आता काही घरांत दिसतात. या कंपनीने खुणा नेमाने बदलल्या. सुरुवातीला नुसते 'बक', १९६७ च्या सुमारास त्याखाली 'यू. एस. ए.', १९७२ च्या सुमारास सुऱ्याचा क्रमांक आणि १९८६ पासून दर वर्षाची वेगळी बारीक खूण. बैलाच्या दातांइतकाच सरळ हिशेब.

फौजी पाते. पात्यावर 'जी. आर. आय.', मुकुट, महिना-वर्षाचे आकडे आणि 'आर. एफ. आय.' अशी अक्षरे असतील, तर तो शिकारी सुरा नव्हे. ती इच्छापूर रायफल फॅक्टरीत बनलेली बंदुकीची संगीन आहे. अनेकांनी अशा संगिनी कापून त्यांचे सुरे केले. आकडे '५' आणि '४३' असतील तर मे १९४३. पणजोबा कोणत्या साली फौजेत होते, याचा अंदाज घरच्या घरी आला!

आता कायद्याचे दोन शब्द. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्र नियमांच्या यादीत येतात. घरकामाची आणि शेतीची अवजारे त्यातून वगळली आहेत, पण संगीन किंवा शिकारी सुरा म्हणजे कोयता नव्हे. शंका असेल तर पोलीस ठाण्यात विचारून घ्या आणि यात्रेत कमरेला लावून मिरवू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. शिंगाची किंवा हस्तिदंताची मूठ असलेला सुरा विकण्याच्या भानगडीत वनखात्याला विचारल्याशिवाय पडू नका.

काय करू नये, काय करावे. सुरा चाकावर घासू नका. पॉलिश पेपरही लावू नका. गंजाबरोबर छापही जातो आणि छाप गेला की उरते ते किलोवर विकायचे लोखंड. मऊ फडक्याने शिलाई मशीनचे तेल लावा, एक रात्र ठेवा आणि सकाळी पुसून काढा. सैल झालेला गंज तेवढ्याने निघतो. उरलेला काळपटपणा राहू द्या, तो वयाचा आहे. सुरा चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडे ओल धरते, त्याने पाते गंजते आणि पितळेवर हिरवे चढते. तेल लावून कोरड्या सुती फडक्यात सुरा वेगळा गुंडाळा, म्यान शेजारी ठेवा आणि दोन्ही मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा.

शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा आणि हा सुरा कोणाचा, कोठून आला, कोणी वापरला हे विचारा. ते सांगतील ते आणि तुम्हाला दिसलेले छाप एका कागदावर तारखेसह लिहून सुऱ्याबरोबर ठेवा. दोन्हींचा मेळ बसत नसेल तर तसेही लिहा. छाप आणखी पन्नास वर्षे टिकेल. सांगणारे माणूस तेवढे थांबणार नाही. तेव्हा हे काम पुढच्या दिवाळीवर टाकू नका.