संगणकातील खोती

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीच्या सुरक्षा-दुरुस्त्यांचा नियमित पुरवठा थांबविला. अमेरिकेतील कंपनीच्या या निर्णयाशी महाड औद्योगिक वसाहतीचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. मोठ्या रासायनिक कारखान्यांना नवे संगणक घेणे जड नाही. परंतु त्यांच्या आधाराने जगणारे लहान वर्कशॉपवाले, मालवाहतूकदार, मजूर-ठेकेदार, तसेच महाड, बिरवाडी, पोलादपूर येथील हिशेबनीस आणि मराठी टायपिंगची कामे करणारे यांची भिस्त बहुधा एखाद्या जुन्या संगणकावरच असते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीचा प्रोसेसर हवा. जुने यंत्र या अटीत बसत नाही. यंत्र धडधाकट, काम चोख. तरीही ते भंगारात काढण्यायोग्य ठरविले जाते.

यावर जाणकार सल्ला देतात की, त्याच यंत्रावर विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवावे. लिनक्स विनामूल्य मिळते, जुन्या यंत्रावरही चालते, आणि यंत्र सुरू करताना दोहोंपैकी हवी ती प्रणाली निवडता येते. सल्ला चांगला आहे. पण लिनक्समध्ये शिरताच हिशेबनिसाला कळते की, पैसे मोजून विंडोजमध्ये बसविलेले टॅली येथे चालत नाही. मराठी टायपिंग करणाऱ्याला कळते की, श्रीलिपीसारख्या जुन्या व्यवस्थेत टंकलेला मजकूर येथे निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. यंत्र एकच, चकती एकच, प्रोसेसरही तोच. लिनक्सला विंडोजच्या कप्प्यातील फाइली दिसतात, वाचताही येतात. तरीही त्या कप्प्यातला प्रोग्रॅम जागचा हलत नाही.

असे का व्हावे? कोणताही प्रोग्रॅम स्वतःच्या बळावर फारसे काही करीत नाही. फाइल उघडणे, पडद्यावर चौकट काढणे, कागद छापणे या प्रत्येक कामासाठी तो मूळ प्रणालीकडे अर्ज करतो. विंडोजच्या अर्जाचा नमुना वेगळा, लिनक्सचा वेगळा. शिवाय प्रोग्रॅम बसविणे म्हणजे फाइली चकतीवर ठेवणे एवढेच नव्हे. त्याच्या नोंदी विंडोजच्या रजिस्ट्री नावाच्या दप्तरात होतात आणि तिच्या सामायिक फाइलींवर तो विसंबून राहतो. म्हणून प्रत्येक प्रणालीत प्रोग्रॅम स्वतंत्रपणे बसवावा लागतो, आणि जो केवळ एकीसाठीच लिहिला गेला तो दुसरीत मुळीच बसत नाही.

ही अडचण निसर्गनियम नव्हे. १९९३ पासून स्वयंसेवक व तंत्रज्ञ 'वाइन' नावाचा दुभाषा घडवीत आहेत. विंडोजच्या नमुन्यातील अर्ज तो लिनक्सच्या नमुन्यात उतरवून देतो आणि त्यामुळे विंडोजचे अनेक प्रोग्रॅम लिनक्सवर चालतात. सर्वच चालत नाहीत, कारण मालकाने न उलगडलेले नमुने बाहेरून तर्काने ओळखावे लागतात. अमेरिकेच्या न्यायालयाने नोव्हेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यात नेमकी हीच गोष्ट नोंदविली: विंडोजसाठी प्रोग्रॅम फार, म्हणून ग्राहक विंडोजकडे, ग्राहक तिकडे, म्हणून प्रोग्रॅम लिहिणारेही तिकडेच. या चक्रात प्रतिस्पर्ध्याला शिरकाव नाही. २००४ मध्ये युरोपीय आयोगाने त्याच कंपनीला ४९.७ कोटी युरोचा दंड केला आणि इतरांच्या सर्व्हरना विंडोजशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती खुली करण्यास बजावले. भिंत माणसांनी बांधलेली होती म्हणूनच तिला खिंडार पाडण्याचा हुकूम निघू शकला.

येथे आक्षेप येईल की, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने फुकट राबावे काय? मुळीच नाही. श्रमाचे मोल मिळालेच पाहिजे. परंतु श्रमाचे मोल वेगळे आणि वाटेवर बसून घेतलेला खंड वेगळा. हा भेद कोकणी माणसाला शिकवावा लागू नये. खोत नांगर धरीत नव्हता. कूळ आणि सरकार यांच्या मध्ये तो बसला होता, आणि त्या बसण्याचाच मोबदला घेत होता. ती व्यवस्था मोडण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले आणि १९४९ मध्ये खोती कायद्याने संपली. आज वापरणारा आणि त्याचे स्वतःचे यंत्र यांच्या मध्ये नवा खोत बसला आहे. एकदा किंमत दिली तरी शेजारच्या कप्प्यात जाण्याची वाट तो मोकळी ठेवीत नाही, आणि मुदत संपली की सारे यंत्रच बदलायला लावतो.

या खोतीला सरकारचा आधार आहे, हे अधिक गंभीर. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त-स्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १ जुलै २०१७ रोजी, वस्तू व सेवा कर आला. आणि विवरणपत्रांसाठी व्यापाऱ्याच्या हाती जे ऑफलाइन साधन ठेवले गेले त्याला अट होती विंडोजची! कर भरणे नागरिकाचे कर्तव्य, पण ते बजावण्यासाठी खासगी कंपनीच्या दारातून जाणे सक्तीचे, हा कोणता न्याय? महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून लक्षावधी तरुण संगणक शिकले. त्यांना मुख्यतः विंडोज आणि ऑफिस शिकविले गेले. केरळने मात्र आपल्या शाळांत लिनक्स आणले. कोणाची मुले संगणक शिकली आणि कोणाची केवळ एका कंपनीची गिऱ्हाइके झाली?

१९८० च्या दशकात बँका व विमा क्षेत्रातील कामगार संघटनांनी संगणकाला विरोध केला, तो रोजगाराच्या चिंतेने. आज विरोधाचा प्रश्न उरलेला नाही. मालकीचा उरला आहे. म्हणून कार्यकर्त्यांनी लहान उद्योजक, हिशेबनीस आणि संगणकावर राबणारे कामगार यांना एकत्र करून चार मागण्या धराव्यात. सरकारी कामाचे प्रत्येक साधन कोणत्याही प्रणालीवर चालले पाहिजे. हिशेबाच्या प्रोग्रॅममधील सर्व नोंदी खुल्या नमुन्यात बाहेर काढण्याचा हक्क ग्राहकाला असला पाहिजे. एका यंत्रासाठी घेतलेला परवाना त्या यंत्रावरील दोन्ही प्रणालींना लागू झाला पाहिजे. आणि शासनाचा सारा मराठी मजकूर युनिकोडमध्येच असला पाहिजे.

धोरण तर कागदावर आहेच, असे उत्तर मिळेल. महाडला तरी या उत्तराने फसविता येऊ नये. येथील नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, माणसे चालत तळ्यापर्यंत गेली तेव्हा. त्या संग्रामाशी आजच्या प्रश्नाची बरोबरी कोणी करणार नाही. पण ठराव आणि हक्क यांच्यातले अंतर चालूनच तोडावे लागते, हे महाडला नव्याने सांगण्याची गरज नाही.