तपासायचं ते सोडून

विड्या वळून, चादरीच्या कारखान्यात राबून सोलापुरातल्या कितीतरी आयांनी मुलींना नर्सिंगला घातलं. मुलगी पास होते आणि खाजगी हॉस्पिटलात मुलाखतीला बसते. तिथे तिला काय विचारतात? लग्न ठरलंय का? दिवस गेले तर काय करशील? मूळ प्रमाणपत्रं आमच्याकडेच ठेवशील ना?

हे प्रश्न गैर ठरून जमाना झाला. आयुर्विमा महामंडळाच्या फॉर्मात बाईला पाळीच्या तारखा, गर्भपात, सगळं लिहावं लागे. नीरा माथुर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ते रकाने काढून टाका म्हणून सुनावलं. तरी २०२१ अखेर स्टेट बँकेने तीन महिन्यांवरच्या गरोदर उमेदवाराला 'तात्पुरती अपात्र' ठरवलंच! ओरड झाली, तेव्हा महिन्याभरात नियम स्थगित केला. लष्करातल्या परिचारिका सेलिना जॉन यांना लग्न केलं म्हणून १९८८ मध्ये काढलं. ६० लाखांच्या भरपाईचा निकाल लागला २०२४ मध्ये. तोवर त्यांचं नोकरीचं वय उलटून गेलं होतं.

मग तपासणी नकोच का? हवी. परिचर्या परिषदेची नोंदणी खरी आहे का, हे बघा. कावीळ-बची लस टोचलेली नसेल तर हॉस्पिटलने स्वतःच्या खर्चाने टोचावी. आणि रात्रपाळीला तिच्याभोवती वावरणारा कंत्राटी वॉर्डबॉय, सुरक्षारक्षक कोण आहे, याची चौकशी करा. १९७३ मध्ये केईएममध्ये अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला करणारा त्याच हॉस्पिटलचा कर्मचारी होता. कंत्राटदाराने माणसं पुरवली की मालक हात झटकतो. मुलीच्या पोटात डोकावायला मात्र त्याला सवड असते.

इथे आपणही जपून बोललं पाहिजे. 'पोलीस पडताळणी करा' म्हणणं सोपं आहे. पण हे सोलापूर आहे. इथल्या सेटलमेंटमध्ये माणसांना जन्मानेच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, १९५२ पर्यंत. पारधी, कैकाडी पोराच्या वाट्याला पोलिसांचा संशय आजही आधी येतो. म्हणून पाहायची ती न्यायालयात सिद्ध झालेली शिक्षा, आणि तीही बायका-मुलांवरच्या अत्याचारासारख्या गुन्ह्याची. नुसत्या संशयावर कोणाची भाकरी काढून घ्यायची नाही.

मैत्रिणींनो, आपापल्या गावातल्या हॉस्पिटलांचे भरतीचे फॉर्म मिळवा. लग्न, पाळी, गर्भ यांचे रकाने दिसले तर व्यवस्थापनाला लेखी जाब विचारा. एचआयव्ही चाचणीची अट असेल तर २०१७ चा कायदा पुढे करा. आणि २०१३ च्या कायद्याप्रमाणे तिथे तक्रार समिती आहे का, तिच्याकडे कंत्राटी मुलगी जाऊ शकते का, तेही त्याच पत्रात विचारा.