कॉलेज निवडणे हाही आमचा हक्कच!

साजगाव म्हटले की खोपोली-खालापूरच्या माणसाला कार्तिकी एकादशीची यात्रा आठवते. याच साजगावातून काही दिवसांपूर्वी एक बाप आपल्या मुलीला घेऊन आमच्याकडे आला. खोपोलीच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार. मुलीला 'नीट' परीक्षेत डॉक्टर होता येईल इतके गुण. घराण्यात इथवर पोहोचलेली पहिलीच. पण बापाच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा धास्ती जास्त. "वकीलसाहेब, कॉलेजांची यादी भरायची आहे. भावकी म्हणते, पोरगी लांब नको, अलिबागच टाका. एक एजंट म्हणतो, खासगीत जागा करून देतो, फी हप्त्याने भरा. आम्ही करायचे काय?"

आम्ही त्यांना जे सांगितले, तेच आज वाचकांपुढे ठेवत आहोत. कारण हा प्रश्न एका घराचा नाही. आरक्षण म्हणजे फक्त दारातून आत घेणे, असे आपल्यालाही वाटू लागले आहे. कोणत्या दारातून जायचे, हे ठरवणेसुद्धा त्याच हक्काचा भाग आहे. आणि हा भाग आपण अज्ञानापोटी, भीतीपोटी दरवर्षी सोडून देतो.

आधी परिस्थिती समजून घेऊ. पूर्वी रायगडच्या मुलांना डॉक्टर व्हायचे तर मुंबई किंवा पुणे गाठावे लागे. आज तसे राहिलेले नाही. २०२१-२२ पासून अलिबागला १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०२४ मध्ये राज्यात आणखी दहा शासकीय महाविद्यालये सुरू झाली, त्यात अंबरनाथ आहे. दुसरीकडे २०२० मध्ये ७०:३० चे प्रादेशिक सूत्र रद्द झाले. आता सगळ्या महाराष्ट्राची एकच यादी. साजगावच्या मुलीला नागपूर, लातूर मोकळे झाले, तसेच लातूरच्या शिकवण्यांत तयार झालेली मुलेही मुंबईच्या जागेसाठी तिच्या शेजारी उभी राहिली. खालापूर तालुक्यातल्या मुलीने तशी शिकवणी कुठून आणायची, हे मात्र कोणी विचारत नाही!

आता 'जवळ' म्हणजे काय, तेही तपासू. अलिबाग आपल्या जिल्ह्याचे ठिकाण. पण साजगावहून तिथे जायचे तर पेणमार्गे एसटीच. उलट अंबरनाथ आणि परळ, भायखळा, शीव हे सगळे कर्जतच्या रेल्वेमार्गावर. खोपोलीहून थेट गाड्या मोजक्या, नाहीतर कर्जतला बदलायचे. म्हणजे भावकी ज्याला लांब म्हणते ते लोकलच्या रस्त्यावर आहे. आणि खरे सांगायचे तर साडेचार वर्षे अभ्यासाची आणि एक वर्ष इंटर्नशिपची, एवढा काळ रोज जाऊन-येऊन डॉक्टर होता येत नाही. वसतिगृहात राहायचेच आहे, तर मग अंतर मोजायचे कशासाठी?

मोजायचे ते दुसरेच. त्या रुग्णालयात रुग्ण किती येतात? अध्यापक पूर्णवेळ आहेत का? मुलींचे वसतिगृह आवारात आहे का? मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे, केईएमचे सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज १९२६ चे. तिथल्या वॉर्डात विद्यार्थी जे पाहतो ते पुस्तकात नसते. नव्या महाविद्यालयांना इमारतीपासून अध्यापकांपर्यंत बस्तान बसवायला वेळ लागतो. म्हणून ती टाकाऊ नाहीत. शासकीय जागा मिळत असेल तर ती महाराष्ट्रात कुठेही असो, पदवीचे मोल तेच आहे. पण ती यादीत कुठे लिहायची, ते डोळे उघडे ठेवून ठरवावे.

इथेच आपले लोक सर्वात मोठी चूक करतात. 'आपल्याला काय मुंबई मिळणार?' असे म्हणून मिळेलसे वाटणारे कॉलेज यादीत वर टाकतात. जागा वाटणारा संगणक गुणवत्ताक्रमाने एकेकाची यादी वरून खाली पाहतो आणि पहिली मिळण्याजोगी जागा देतो. वर मोठे नाव लिहिले म्हणून खालची जागा जात नाही. पण वर लहान नाव लिहिले तर मोठी जागा हातची जाते!

कायदा काय सांगतो? १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रितेश साह खटल्यात स्पष्ट केले की राखीव प्रवर्गातील विद्यार्थी गुणांवर खुल्या जागेला पात्र असला, तरी अधिक पसंतीच्या कॉलेजसाठी त्याला आपल्या प्रवर्गाची जागा घेता येते. मात्र टक्केवारी मोजताना त्याला खुल्यातलाच धरायचे. म्हणजे आपला हुशार विद्यार्थी चांगल्या कॉलेजला मुकू नये आणि त्याच्यामुळे मागच्याची जागाही जाऊ नये. कॉलेजची निवड हा हक्क आहे, असे आम्ही म्हणतो ते या आधारावर.

जागा तरी किती? १०० जागांच्या शासकीय महाविद्यालयात १५ जागा अखिल भारतीय कोट्याच्या. उरलेल्या ८५ पैकी अनुसूचित जाती आणि बौद्धांच्या १३ टक्क्यांनी ढोबळमानाने ११ येतात. अखिल भारतीय कोट्यात अनुसूचित जातींना १५ टक्के वेगळे. पण तिथे केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला लागतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या, तरी दाखल्यावर नुसते 'बौद्ध' लिहून भागत नाही. अनुसूचितील मूळ जात नमूद असावी लागते. राज्याच्या कोट्यासाठी जात वैधता प्रमाणपत्र हवे आणि त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे. हे कागद निकालानंतर नव्हे, अकरावीत जमवायला घ्यायचे असतात. गुण असून कागदापायी जागा जाणे ही आपल्या घरातली दुर्घटना आहे, आणि ती टाळता येते.

एजंटाचे म्हणाल तर त्याला दारातूनच परत पाठवा. अभिमत विद्यापीठांत एमबीबीएसला अनुसूचित जातींचे आरक्षण नाही आणि अनेक ठिकाणी वर्षाची फी वीस लाखांच्या पुढे. शासकीय प्रवेश फेरीतून मिळालेल्या जागेवर अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे, त्यावरच्यांना फ्रीशिप आहे. व्यवस्थापन कोट्यात ते नाही. शासकीय वसतिगृह न मिळालेल्यांसाठी विहित अटींवर स्वाधार योजना आहे: मुंबई-पुण्यासारख्या महानगरांत वर्षाला ६० हजार, इतर महापालिका क्षेत्रांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार, वैद्यकीयच्या विद्यार्थ्याला साहित्यासाठी वर ५ हजार. पैसे वेळेवर येत नाहीत, हा अनुभव आहे. म्हणून पहिल्या वर्षाची तजवीज समाजाने करावी. शिक्षणानंतर एक वर्ष शासकीय सेवेचा बाँड आहे. त्याला घाबरू नये. आपल्याच वाड्या-वस्त्यांच्या दवाखान्यांना डॉक्टर हवे आहेत.

एक गोष्ट मात्र कोणत्याही यादीत लिहिलेली नसते. दिल्लीच्या एम्समधील भेदभावावर प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी जीवन संपवले. जातीय छळाच्या आरोपांचा तो खटला देशाने पाहिला. यावरून 'मोठ्या शहरात पाठवू नका' असा धडा कोणी घेत असेल, तर तो आपणच आपल्या मुलींना घातलेला बंद आहे. धडा हा घ्यायचा, की प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात आपले वरच्या वर्गातले विद्यार्थी कोण, समान संधी कक्ष कुठे, तक्रार कोणाकडे करायची, हे मुलीला ठाऊक असले पाहिजे. आणि तिने फोन केला तर इकडे उचलणारा कोणी असला पाहिजे.

बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले. लांब आहे म्हणून थांबले नाहीत. त्याच बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे केले, म्हणजे मराठवाड्यातल्या पोराला शिक्षण जवळ मिळावे. लांब जाण्याची हिंमत आणि जवळ उभारण्याची जिद्द, दोन्ही त्यांचीच शिकवण. अलिबागचे कॉलेज सर्वार्थाने सज्ज व्हावे यासाठी भांडणे हे चळवळीचे काम आहे. ते होईपर्यंत मुलीला थांबवणे हे नाही.

साजगावच्या मुलीने आमच्यासमोर बसून यादी भरली. पहिल्या ओळीत मुंबई, मग पुणे, मग अंबरनाथ, अलिबाग आणि खाली राज्यातली उरलेली सगळी शासकीय महाविद्यालये. बाप म्हणाला, "साहेब, एवढी लांबची नावे?" मुलगीच म्हणाली, "पप्पा, लांबचे शेवटी लिहिलेय. पण लिहिलेय." जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा काढून प्रत्येक विहारात पुढच्या प्रवेशाच्या मोसमात एक टेबल, एक संगणक आणि नियमपुस्तिका वाचलेला एक कार्यकर्ता बसवा. मुली पुढच्या ओळी स्वतः लिहितील.

जय भीम!