न परतलेल्या होड्या

परवा भाची आली होती. (ताई, तिला विचारूनच लिहितोय, वाचल्या वाचल्या फोन करू नकोस!) ती पीएचडी करतेय. विषय तंत्रज्ञान-उद्योजकता. मुंबईतल्या अशा उद्योजकांच्या मुलाखती घेत हिंडतेय. मी उत्साहाने म्हटलं, "अगं, मग माझी घे की! अकरा वर्षं गाळा चालवलाय मी."

ती जरा ओशाळली. "मामा, तू नाही बसत सॅम्पलमध्ये. कंपनी आज चालू असायला हवी."

झालं! अकरा वर्षं गेली, दागिने गेले, बायकोच्या पीएफमधून उचल झाली, आणि शेवटी मी सॅम्पलमध्येही नाही.

राग भाचीवर नाही, तिच्या गाइडवरही नाही. राग आहे तो या पद्धतीवर. जो टिकला त्यालाच विचारायचं, "तुम्ही कसे टिकलात?" तो सांगणार चिकाटी, दूरदृष्टी, चांगली माणसं. अहो, मला विचारलं तर मीही हेच सांगेन! चिकाटी नसती तर अकरा वर्षं कशाला काढली असती? मग टिकलेल्यात आणि बुडालेल्यात फरक कशाचा, हे या प्रश्नावलीतून कधी कळणार?

मी माहुलला राहतो. एका बाजूला १९५४-५५ पासूनच्या रिफायनऱ्या, डोंगरापलीकडे बीएआरसी, खाली खाडी आणि कोळीवाडा. जुन्याजाणत्या कोळ्याला समुद्राबद्दल विचारून बघा. धक्क्याला लागलेल्या होड्या मोजून तो उत्तर देणार नाही. कोणती होडी कुठे अडकली, कोणती परतलीच नाही, तिथूनच सुरुवात करेल. आमचे संशोधक मात्र धक्क्यावरच उभे.

माझी गोष्ट थोडक्यात सांगतो. १९९८ साली माहुल रोडजवळ भाड्याने गाळा घेतला. टाकीतल्या द्रवाची पातळी ध्वनिलहरींनी मोजणारं यंत्र बनवायचो. पाण्याच्या टाकीवर झकास चालायचं. रसायनाच्या टाकीत मात्र वर फेस असतो, वाफ असते, ती लहर खाऊन टाकते. तो गुंता सोडवायला दोन वर्षं गेली, पण सुटला! बुडालो तो त्यानंतर. एका मोठ्या कारखान्याने माल घेतला, वापरला, आणि पैसे अकरा महिन्यांनी दिले. तोवर बँकेचं व्याज आणि पोरांचे पगार मी उसनवारीवर भागवत होतो. २००६ च्या कायद्याने छोट्या उद्योगाचं बिल ४५ दिवसांत चुकवणं बंधनकारक केलंय. पण तक्रार केली तर पुढची ऑर्डर कोण देणार? २००९ मध्ये कुलूप लावलं.

आता सांगा, यात तंत्रज्ञान हरलं का? उद्योजक हरला का? की वसुली हरली? भाचीच्या प्रश्नावलीत तंत्रज्ञानावर अकरा प्रश्न आहेत, नेतृत्वावर नऊ. थकलेल्या बिलावर एकही नाही.

हा काही आजचा रोग नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आपण शाळेपासून ऐकतो. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी आधी तो घेईनात, तरी ते टिकले आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याच पिढीतले शंकर आबाजी भिसे मुंबईचे. लंडनला गेले, छपाईचे खिळे ओतण्याचं यंत्र बनवलं, अमेरिकेला गेले. दादाभाईंनी मदत केली, रतन टाटांनी पैसा लावला, तरी ते यंत्र बाजारात रुजलं नाही. १९३५ साली न्यूयॉर्कला वारले. बुद्धी दोघांकडे, चिकाटी दोघांकडे, पाठीशीही दोघांच्या कुणीतरी होतं. मग? हा "मग?" म्हणजेच खरा संशोधनाचा विषय. पण किर्लोस्करांवर ढीगभर लिहायचं आणि भिश्यांना "भारताचे एडिसन" म्हणून हार घालायचा, की आपलं काम संपलं.

दुसरी गंमत काळाची. आयआयटीतल्या पोरांनी २००७ साली आयडियाफोर्ज काढली. २००९ च्या 'थ्री इडियट्स'मध्ये त्यांचं ड्रोन झळकलं. २०२३ च्या जुलैमध्ये शेअर बाजारात आली तेव्हा ६७२ रुपयांचा शेअर पहिल्याच दिवशी जवळजवळ दुप्पट झाला, आणि पुढे त्या ६७२ च्याही खाली उतरला. २०१० ला अभ्यास करणाऱ्याला एक कंपनी दिसली असती, २०२३ ला दुसरी आणि नंतर तिसरीच. तीन वर्षांच्या पीएचडीत एकदाच फोटो काढून सिनेमाची गोष्ट कशी सांगणार?

हे अशक्य आहे असंही नाही. अमेरिकेत कॉफमन फाउंडेशनने २००४ साली सुरू झालेले ४,९२८ उद्योग घेतले आणि २०११ पर्यंत त्यांचा पाठपुरावा केला, बंद पडलेल्यांचीही नोंद ठेवून. आपल्याकडेही मॅक्लेलंडने १९६४ साली काकीनाड्याच्या छोट्या व्यावसायिकांना प्रशिक्षण दिलं आणि नंतर वर्षानुवर्षं त्यांचं काय झालं ते तपासलं. साठ वर्षं झाली त्याला!

भाची म्हणते, "मामा, बुडालेले शोधायचे कुठे?" अगं, डोंगरापलीकडे बघ. बीएआरसीने ओल्या कचऱ्यापासून गॅस करणाऱ्या निसर्गऋण संयंत्राचं तंत्रज्ञान अनेकांना दिलंय. तंत्र एकच, हात वेगवेगळे. कुणाचं चाललं, कुणाचं थांबलं, का थांबलं, एवढंच बघ. २०१७-१८ मध्ये सरकारने दोन लाखांहून जास्त कंपन्या नोंदवहीतून काढून टाकल्या. त्यात नुसत्या कागदी किती आणि दमून थांबलेल्या किती, ते शोध. माझ्यासारखे प्रोप्रायटर तर त्याही यादीत नाहीत. त्यांच्यासाठी गाळेमालकाला विचार, भंगारवाल्याला विचार. माझं लेथ मशीन कुणी नेलं ते भंगारवाला अजून सांगेल.

आता तर यंत्रच निबंध लिहून देतं. म्हणजे शोधनिबंध वाढणार, हे नक्की. पण यंत्र वाचणार ते आधी कुणीतरी लिहिलेलं, आणि लिहिलंय ते जिंकलेल्यांबद्दल. आमच्या वह्या त्याला मिळणार नाहीत. उद्या हेच वाचून कुणी मंत्रालयात योजना आखेल, आणि त्या योजनेत पुन्हा नेतृत्वाची शिबिरं असतील, बिलाची वसुली नसेल. नुकसान माझं नाही, माझं व्हायचं ते झालं. नुकसान यंदा गाळा घेणाऱ्या पोराचं आहे.

असो. भाची रविवारी पुन्हा येणार आहे. गाइडशी बोलली म्हणे, "बंद पडलेले" असं एक प्रकरण जोडता येईल. एकच प्रकरण, पण सुरुवात आहे. अकरा वर्षांची खतावणी माळ्यावरून काढून झटकून ठेवलीय. ताई, तूही ये, पोहे करतो.