मृगाचा पहिला सडाका

मृगाचा पहिला सडाका पडला की आमच्याकडे तिफणीआधी जिभा चालू लागतात. "घ्या देवाचं नाव अन् टाका पेरून, तो बसलाय की बघायला!" औसा तालुक्यात सोयाबीन करणारी बाई म्हणून मी हे वर्षानुवर्षं ऐकतेय. मला यात श्रद्धा दिसत नाही, घाई दिसते. तिला देवाचं नाव दिलं की कुणी हटकत नाही, एवढंच.

थांबायचं म्हणजे हातावर हात धरून बसायचं नसतं. गोणपाटाचा तुकडा ओला करायचा, त्यावर दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे मांडायचे, वरून दुसरा ओला तुकडा घालून सैल गुंडाळी करायची, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं. आठवडाभरात उलगडून पाहिलं की ७० तरी धडधाकट कोंब हवेत. तेवढे असले तर एकरी ३० किलो बी पुरतं. सोयाबीनची साल इतकी पातळ, की पोतं आपटलं तरी उगवण घटते. पंचांगात यंदा मृगाचं वाहन बेडूक की गाढव, यावर पारावर तासभर खल होतो. उगवणीचं कुणी विचारत नाही.

कृषी खातं सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पहिल्या सरीनं वरची दोन बोटं माती भिजते, खाली रान कोरडंच. त्यात दाणा फुगतो, कोंब काढतो आणि उघडीप पडली की करपतो. मग दुबार पेरणी. बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं पुन्हा, आणि बहुतेकांचं उसनवारीवर.

२०२३ मध्ये बिपरजॉय वादळानं पाऊस रखडवला. कोकणात तो ११ जूनला आला, पण राज्यभर पसरायला जूनचा शेवटचा आठवडा उजाडला. आषाढी २९ जूनला. पेरून वारीला निघायची रीत, पण कितीतरी जण कोरडी रानं मागं ठेवून पंढरीला गेले. आमच्या जाऊबाई म्हणाल्या, "पेरलं नाही म्हणून वारी चुकवायची का? अन् वारी आली म्हणून धुळीत पेरायचं का?" बरं, थांबलेल्यांचं तरी भलं झालं का? त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. तुम्ही वाट पाहा, मी पीक देतो, असा करार पांडुरंगानं कुणाशी केलेला नाही. तरीही मी पुढच्या जूनमध्ये थांबलेच. २०२५ मध्ये पाऊस मेमध्येच कोसळला आणि जूनच्या सुरुवातीला मराठवाड्यात दडी मारून बसला, तेव्हाही.

घाई करणारे वेडे नसतात, हेही सांगते. पेरणीयंत्राचा नंबर हुकतो, उशीर झाला तर उतारा घटतो, मागून हरभऱ्याची पेरणी लांबते. शेजारच्या रानात ट्रॅक्टर फिरू लागला की घरात झोप लागत नाही. अशा वेळी नुसतं 'धीर धरा' सांगून भागत नाही. आकडा हातात लागतो.

मंडळनिहाय पावसाचा आकडा रोज जाहीर होतो, पण तो पारापर्यंत पोचत नाही. देवस्थानच्या मंडळींना माझी विनंती आहे: जूनभर रोज संध्याकाळी हरिपाठ संपला की आपल्या मंडळात आजवर किती मिलिमीटर पाऊस झाला, ते त्याच भोंग्यावरून वाचून दाखवा.