बंद खोक्याची किंमत

चैत्र पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येरमाळ्याला येडेश्वरीची पालखी आमराईकडे निघते, तेव्हा हजारो हात रानातील चुनखडीचे खडे वेचीत असतात. त्या खड्यांना बाजारात मोल नाही. त्याच यात्रेच्या वाटेवर खेळण्यांची दुकाने लागलेली असतात. सकाळी घेतलेल्या गाडीचे वेष्टन दुपारी फाटते, संध्याकाळी चाक निखळते, आणि तिची पुनर्विक्रीची किंमत शून्य होते. मूल मात्र आनंदात असते. खेळण्याचा जन्म ज्यासाठी झाला ते कार्य पार पडलेले असते.

हे सांगावयाचे कारण असे की, याच्या नेमके उलट चालणारा एक बाजार जगात बोकाळला आहे. टेबलावर मांडून युद्धाचा खेळ खेळण्यासाठी बोटाएवढे सैनिक बनविणारी गेम्स वर्कशॉप ही कंपनी इंग्लंडमध्ये १९७५ साली निघाली. तिच्याशी निगडित सिटाडेल ही सैनिक ओतणारी कंपनी १९७९ ची. त्या काळातील धातूचे सैनिक मूळ खोक्यात, न उघडलेले सापडले, तर त्यांना खेळलेल्या सैनिकांहून कितीतरी अधिक भाव येतो. सैनिक तेच, धातू तोच, घडविणाऱ्याचे श्रमही तेच. मग हा जादा भाव कशाचा? कोणी तरी खेळले नाही, याचा!

असल्या खेळाचे नियम प्रथम लोकप्रिय केले ते एका समाजवाद्याने, ही यातील गंमत. काही वर्षे फेबियन सोसायटीत वावरलेल्या एच. जी. वेल्सने १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिले. खेळण्यातील तोफेने सैनिक पाडावयाचे, अशी त्याची रीत. खऱ्या युद्धापेक्षा हे युद्ध शतपटीने बरे, हा त्याचा निष्कर्ष. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. वेल्सचे सैनिक पडण्यासाठी होते, तिजोरीत ठेवण्यासाठी नव्हते.

आमचे काही मित्र म्हणतील, 'हा श्रीमंतांचा छंद. कार्यकर्त्यांनी त्यात वेळ का दवडावा?' उत्तर असे. रिकार्डोने १८१७ च्या आपल्या ग्रंथात दुर्मिळ चित्रे, नाणी, पुस्तके यांना मूल्याच्या श्रमसिद्धान्तातून वगळले, कारण त्यांची किंमत केवळ दुर्मिळतेवर ठरते. आणि अशा वस्तू बाजारातील एकूण मालाच्या मानाने अगदी थोड्या, असे त्याने मानले. आज तो अपवाद हाच नियम होऊ पाहत आहे. साच्यातून हजारोंनी निघालेली वस्तू स्वभावतः दुर्मिळ नसते. ती न वापरता दाबून ठेवून दुर्मिळ केली जाते. यालाच आपण धान्याच्या बाबतीत साठेबाजी म्हणतो.

आणि हे खेळण्यापुरते थांबलेले नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटी दहा लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली. त्यांतील सगळीच काही सट्ट्याची नव्हेत, हे मान्य. परंतु भाव वाढेल म्हणून कुलूप लावून ठेवलेली सदनिका आणि न उघडलेले खोके यांत तत्त्वतः भेद कोणता? फरक एवढाच की, खोक्याबाहेर एक मूल खेळावाचून राहते, आणि सदनिकेबाहेर एक कुटुंब छपरावाचून.

'संग्राहक नसते तर जुन्या वस्तू नष्ट झाल्या असत्या,' हा आक्षेप मात्र विचारात घ्यावयास हवा. तो खराही आहे. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, भांडी जमविली. पण तो संग्रह त्यांनी १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या, म्हणजे जनतेच्या, हवाली केला. संग्रह आणि साठा यांतील सीमारेषा हीच. आमचे भांडण जतन करणाऱ्याशी नाही. जतनाच्या नावाखाली भाववाढीची वाट पाहणाऱ्याशी आहे.

शेवटी प्रश्न श्रमिकाचा. सावंतवाडीच्या चितार आळीतील कारागीर, किंवा दिवाळीच्या किल्ल्यासाठी मातीचे मावळे रंगविणारी कुंभाराघरची बाई: त्यांची वस्तू उद्या शंभरपट भावाने विकली गेली तरी त्यांच्या पदरात दमडी पडणार नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ५३-अ हे कलम आले. मूळ चित्र, शिल्प, रेखाटन वा हस्तलिखित दहा हजार रुपयांहून अधिक भावाने पुन्हा विकले गेल्यास निर्मात्याला किंवा त्याच्या वारसांना, कमाल दहा टक्क्यांपर्यंत, वाटा मिळावा अशी ती तरतूद. तत्त्व योग्य आहे. पण साच्यातून निघालेल्या बाहुलीच्या कारागिराला त्याचा काय उपयोग?

म्हणून मागण्या दोन. पुनर्विक्रीतील वाट्याचे हे तत्त्व हस्तकारागिरांपर्यंत, त्यांच्या सहकारी संस्थांमार्फत, नेले जावे. आणि वापरावाचून अडवून ठेवलेल्या शहरी घरांवर वाढता कर बसावा. पहिली मागणी लहान वाटेल, दुसरी अवघड. दोहोंच्या मागचे तत्त्व मात्र एकच: वस्तू वापरासाठी असते, आणि तिच्या वाढत्या मोलावर पहिला हक्क ती घडविणाऱ्या हातांचा असतो.

येरमाळ्याच्या यात्रेतील मोडक्या गाडीला हे कळते. बंद खोक्याच्या धन्याला ते आपणच समजावून द्यावयाचे आहे.